ग्राफिक्स कार्डांची गणनक्षमता : रचनांच्या पिढ्यांची तुलना

संगणकाच्या पडद्यावरील चित्र तयार करणाऱ्या स्वतंत्र मंडलफलकास ग्राफिक्स कार्ड आणि त्यावरील मुख्य चिपला आलेखीय प्रक्रियक (संक्षेपाने जीपीयू) म्हणतात. मूलतः खेळ, चलच्चित्रे व अभियांत्रिकी आरेखन यांसाठी बनविलेले हे साधन २००६ नंतर हवामान, खगोलशास्त्र, रेणवीय जीवविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता इ. क्षेत्रांतील आकडेमोडीसाठी वापरात आले. साधारणतः दर दोन-तीन वर्षांनी या प्रक्रियकाची अंतर्गत रचना बदलते. एका रचनेवर आधारलेल्या सर्व कार्डांची मिळून एक पिढी मानतात. नव्या पिढीचे कार्ड जुन्याच्या किती पट वेगवान आहे, हे सांगण्यासाठी बहुधा एकच आकडा दिला जातो. तथापि हा आकडा काढण्याची रीत व त्यामागील गृहीते पिढीगणिक बदलत आली असल्यामुळे, दोन पिढ्यांचे छापील आकडे शेजारीशेजारी ठेवून केलेली तुलना पुष्कळदा फसवी ठरते. सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या महासंगणकांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील संगणन व विज्ञान संस्थांचा १९८८ पासूनचा अनुभव उद्‌बोधक आहे.

मापनाचे एकक : शास्त्रीय आकडेमोडीत अतिशय मोठ्या व अतिशय लहान संख्या एकत्र हाताळाव्या लागत असल्याने दशांशचिन्हाचे स्थान सरकते ठेवून संख्या मांडतात. अशा दोन संख्यांची बेरीज किंवा गुणाकार ही एक क्रिया मानून, दर सेकंदाला होणाऱ्या क्रियांची संख्या ‘फ्लॉप्स’ या एककात सांगतात. एक गिगाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला शंभर कोटी क्रिया. एक हजार गिगाफ्लॉप्स म्हणजे एक टेराफ्लॉप्स आणि एक हजार टेराफ्लॉप्स म्हणजे एक पेटाफ्लॉप्स होय.

कार्डाची कमाल क्षमता मोजली जात नाही, ती गुणाकाराने काढली जाते. प्रक्रियकातील गणन-एककांची संख्या, त्यांच्या घड्याळाची कंप्रता व एका ठोक्यात एका एककाकडून होणाऱ्या क्रिया यांचा गुणाकार म्हणजे कमाल क्षमता. उदा., २०२० मधील एनव्हिडिया कंपनीच्या ए१०० या कार्डात ६,९१२ एकके, १·४१ गिगॅहर्ट्‌झ कंप्रता व एका ठोक्यात दोन क्रिया (एक गुणाकार व त्याला जोडून एक बेरीज) असल्याने त्याची क्षमता १९·५ टेराफ्लॉप्स येते. सर्व एकके प्रत्येक ठोक्याला कामात गुंतलेली असतील, असे यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष कामात हे क्वचितच घडते. म्हणून महासंगणकांच्या बाबतीत एकघाती समीकरणांचा मोठा संच सोडविण्याची ‘लिनपॅक’ ही चाचणी प्रत्यक्ष चालवून दुसरा आकडा काढतात. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची, १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होणारी यादी या चाचणीवर आधारलेली आहे.

आकड्याला अर्थ येण्यासाठी संख्येची अचूकताही सांगावी लागते. एक संख्या ६४ बिटांत साठविल्यास तिला दुहेरी अचूकता, ३२ बिटांत साठविल्यास एकेरी अचूकता व १६ बिटांत साठविल्यास अर्ध अचूकता म्हणतात. दुहेरी अचूकतेत सुमारे १५ ते १६ सार्थ दशमान अंक मिळतात, एकेरीत सुमारे सात व अर्ध अचूकतेत जेमतेम तीन. एकाच कार्डाची या तिन्ही अचूकतांतील क्षमता भिन्न असते. लिनपॅक चाचणी दुहेरी अचूकतेतच घ्यावी लागते.

इतिहास : जीपीयू ही संज्ञा एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ या कार्डाच्या निमित्ताने प्रचारात आणली. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूचा रंग इतर बिंदूंवर फारसे अवलंबून न राहता काढता येतो. त्यामुळे एकच कृती लक्षावधी बिंदूंवर एकाच वेळी करणारी पुष्कळशी साधी एकके अशा चिपवर बसविणे सोयीचे ठरले. सुरुवातीस या एककांची कामे ठरलेली असत. २००१ पासून त्यांना मर्यादित स्वरूपाच्या आज्ञावल्या देता येऊ लागल्या. संशोधकांनी या सोयीचा उपयोग करून आपली गणिते चित्रांच्या रूपात मांडून ती कार्डाकडून सोडवून घेण्याचे प्रयोग केले. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या जीफोर्स ८८०० या कार्डातील एकके सर्व कामांसाठी सारखीच करण्यात आली आणि २००७ मध्ये उपलब्ध झालेल्या ‘कूडा’ या प्रणालीमुळे सी भाषेसारख्या भाषेत त्यांना सरळ आज्ञा देणे शक्य झाले. गणित चित्राच्या वेषात मांडण्याची गरज यामुळे संपली.

या काळात जीपीयू मध्यवर्ती प्रक्रियकापेक्षा शंभर पट वेगवान असल्याचे दावे वारंवार केले जात. २०१० मध्ये इंटेल कंपनीच्या संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या आज्ञावल्या सारख्याच काळजीने लिहून १४ प्रकारच्या गणनांची तुलना केली असता सरासरी फरक सुमारे अडीच पटीचाच आढळला. इंटेल ही प्रतिस्पर्धी कंपनी होती, हे लक्षात घेतले, तरी त्यातून निघालेले तत्त्व ग्राह्य आहे : काळजीपूर्वक घडविलेल्या नव्या आज्ञावलीची जुन्या, ओबडधोबड आज्ञावलीशी तुलना केल्यास यंत्राच्या नव्हे, तर आज्ञावलीच्या गुणवत्तेचा फरक मोजला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनचा तिआन्हे-१ए हा महासंगणक जगात पहिला आला. त्यात एनव्हिडियाची ७,१६८ कार्डे होती. त्याची कमाल क्षमता ४·७० पेटाफ्लॉप्स असली, तरी लिनपॅक चाचणीत ती २·५७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सु. ५५ टक्केच भरली. कार्ड व मुख्य संगणक यांच्यातील माहितीची ने-आण हे या तुटीचे एक प्रमुख कारण होते.

पिढ्यांची तुलना : एनव्हिडियाच्या रचनांना शास्त्रज्ञांची नावे देण्यात आली आहेत. शास्त्रीय गणनासाठी बनविलेल्या त्यांच्या काही कार्डांचे छापील आकडे पुढील कोष्टकात दिले आहेत.

| कार्ड | वर्ष | रचना | एकेरी अचूकता (टेराफ्लॉप्स) | दुहेरी अचूकता (टेराफ्लॉप्स) | स्मृतीचा वहनवेग (सेकंदाला गिगाबाइट) | विद्युत् शक्ती (वॉट) |
|---|---|---|---|---|---|---|
| सी१०६० | २००८ | टेस्ला | ०·९३ | ०·०८ | १०२ | १८८ |
| सी२०५० | २०१० | फर्मी | १·०३ | ०·५२ | १४४ | २३८ |
| के४० | २०१३ | केप्लर | ४·२९ | १·४३ | २८८ | २३५ |
| एम४० | २०१५ | मॅक्सवेल | ६·८ | ०·२१ | २८८ | २५० |
| पी१०० | २०१६ | पास्कल | १०·६ | ५·३ | ७३२ | ३०० |
| व्ही१०० | २०१७ | व्होल्टा | १५·७ | ७·८ | ९०० | ३०० |
| ए१०० | २०२० | अँपिअर | १९·५ | ९·७ | १,५५५ | ४०० |
| एच१०० | २०२२ | हॉपर | ६७ | ३४ | ३,३५० | ७०० |

हे कोष्टक वाचताना चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, क्रिया मोजण्याची रीत. सी१०६० चा ०·९३ हा आकडा एका ठोक्यात तीन क्रिया धरून काढलेला होता. जोडीची गुणाकार-बेरीज व तिच्या जोडीला आणखी एक गुणाकार असा तो हिशेब होता. पण हा जादा गुणाकार प्रत्यक्ष आज्ञावलीत क्वचितच उपयोगी पडे. पुढील पिढीत हिशेब दोन क्रियांवर आला. छापील आकड्यांनुसार फर्मी रचनेत सु. दहा टक्केच वाढ झाली, असे दिसते. दोन्हीकडे दोनच क्रिया धरल्यास मात्र सी१०६० ची क्षमता ०·६२ टेराफ्लॉप्स भरते व वाढ सु. ६५ टक्के ठरते.

दुसरी गोष्ट एककाच्या व्याख्येची. फर्मी रचनेच्या जीफोर्स जीटीएक्स ५८० या खेळांच्या कार्डात ५१२ एकके होती, तर केप्लर रचनेच्या जीटीएक्स ६८० मध्ये १,५३६. एकके तिप्पट झाली. परंतु फर्मी एककांचे दुप्पट वेगाने चालणारे घड्याळ केप्लरमध्ये काढून टाकल्यामुळे कमाल क्षमता १·५८ वरून ३·०९ टेराफ्लॉप्स, म्हणजे दुपटीहून थोडी कमीच वाढली. पुढे २०२० मध्ये पूर्णांकांची क्रिया करणाऱ्या मार्गिकेलाही अपूर्णांकांची क्रिया करण्याची सोय देण्यात आली. परिणामी आरटीएक्स २०८० टीआय या कार्डातील ४,३५२ एककांच्या जागी आरटीएक्स ३०८० मध्ये बरोबर दुप्पट, म्हणजे ८,७०४ एकके मोजली गेली. पूर्णांकी क्रिया आल्या, की ही जादा एकके त्या कामात अडकतात; शिवाय स्मृतीचा वहनवेग ६१६ वरून ७६० गिगाबाइटपर्यंतच वाढला होता. त्यामुळे चित्रे काढण्याच्या वेगात दुपटीची वाढ दिसली नाही. एएमडी कंपनीच्या कार्डांत याच्या उलट उदाहरण सापडते. तिच्या २०१७ मधील व्हेगा ६४ या कार्डाची कमाल क्षमता १२·७ टेराफ्लॉप्स, तर २०१९ मधील आरएक्स ५७०० एक्सटीची ९·७५ टेराफ्लॉप्स होती. तरीही खेळांत नवे कार्ड सामान्यतः पुढे राहिले. नव्या रचनेत एककांना रिकामे न ठेवता काम पुरविण्याची व्यवस्था सुधारली होती.

तिसरी गोष्ट अचूकतेची. के४० नंतर आलेल्या एम४० या कार्डाची एकेरी अचूकतेतील क्षमता दीडपटीहून अधिक वाढली. दुहेरीतील क्षमता मात्र सातव्या हिश्श्यावर आली. मॅक्सवेल रचनेत चिपवरील जागा एकेरी अचूकतेसाठी वापरण्यात आली होती. दुहेरी अचूकतेवर अवलंबून असलेल्या संशोधकाला ही नवी पिढी निरुपयोगी होती, तर प्रतिमा ओळखण्याचे काम करणाऱ्याला ती लाभदायक होती. व्होल्टा रचनेपासून आव्यूहांचा (उभ्या-आडव्या रांगांत मांडलेल्या संख्यांच्या सारण्यांचा) गुणाकार एकाच आज्ञेत करणारी ‘टेन्सर’ एकके आली. अर्ध अचूकतेतील त्यांची क्षमता व्ही१०० मध्ये १२५, ए१०० मध्ये ३१२ व एच१०० मध्ये सु. ९९० टेराफ्लॉप्स होती. एच१०० च्या टेन्सर एककांची दुहेरी अचूकतेतील क्षमता ६७ टेराफ्लॉप्स होती. २०२४ मधील बी२०० या पुढील पिढीच्या कार्डात ती सु. ४० पर्यंत उतरली. नवी पिढी सर्व बाबतींत पुढेच असते, हा समज यावरून टिकत नाही.

चौथी गोष्ट स्मृतीची. गणन-एककाला लागणारी संख्या कार्डावरील स्मृतीतून आणावी लागते. २०१० ते २०२२ या काळात दुहेरी अचूकतेतील क्षमता सु. ६६ पट वाढली. स्मृतीचा वहनवेग मात्र २३ पटच वाढला. विद्युत् शक्ती जवळजवळ तिप्पट झाली असल्याने दर वॉटमागील क्षमतेत सु. २२ पट वाढ झाली. स्मृतीतून आणलेल्या प्रत्येक संख्येवर पुष्कळ क्रिया होत असतील, तरच ६६ पट हा आकडा उपयोगाचा. दोन-चार क्रियांनंतर संख्या परत ठेवावी लागत असेल, तर २३ पट हाच खरा आकडा होय.

पुण्यातील महासंगणक : अमेरिकेकडून प्रगत क्रे महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना झाली. विजय भटकर हे त्याचे पहिले संचालक होते. १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या परम ८००० या यंत्रात ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असत. एकट्याची क्षमता अल्प असली, तरी २५६ ट्रान्सप्यूटरांपर्यंत वाढविलेल्या यंत्राची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप्सच्या घरात जाई. अनेक साधे प्रक्रियक समांतर चालविण्याचे हे तत्त्व पुढे जीपीयूच्या एका चिपवर अवतरले. त्यानंतरच्या परम ८६०० मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलचा आय८६० व संदेशवहनासाठी ट्रान्सप्यूटर अशी विभागणी करण्यात आली. आकडेमोडीचा भार स्वतंत्र, वेगवान चिपवर टाकण्याची ही पद्धत आजच्या जीपीयूयुक्त यंत्रांच्या मांडणीशी मिळतीजुळती आहे.

टाटा समूहाच्या पुण्यातील एका कंपनीने २००७ मध्ये उभारलेला एका हा महासंगणक त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या यादीत जगात चौथा आला. त्यात केवळ मध्यवर्ती प्रक्रियक होते. लिनपॅकमध्ये त्याने ११७·९ टेराफ्लॉप्स, म्हणजे कमाल क्षमतेच्या सु. ६९ टक्के वेग गाठला. सी-डॅकचा २००८ मधील परम युवा ५४ टेराफ्लॉप्स कमाल क्षमतेचा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची परम युवा-२ ही सुधारित आवृत्ती आली. तिची कमाल क्षमता अर्ध्या पेटाफ्लॉप्सहून थोडी अधिक होती व लिनपॅक चाचणीतील वेग सु. ३८६ टेराफ्लॉप्स होता. तिच्यात इंटेलच्या झिऑन फाय या साहाय्यक प्रक्रियकांचा वापर केला होता. त्यांचा उगम इंटेलच्या लॅराबी या ग्राफिक्स कार्डाच्या योजनेत आहे. खेळांसाठीचे हे कार्ड बाजारात आणण्याचा बेत कंपनीने २००९ मध्ये सोडला व तीच रचना शास्त्रीय गणनाकडे वळविली. पुढे झिऑन फायची मालिकाही बंद झाली. त्यामुळे तिच्यासाठी खास घडविलेल्या आज्ञावल्या दुसऱ्या रचनांसाठी पुन्हा घडविणे भाग पडले. हा खर्च कोणत्याही टेराफ्लॉप्सच्या आकड्यात दिसत नाही.

२०२० मध्ये सी-डॅकने पुण्यात परम सिद्धी-एआय उभारला. त्यात ४२ संचांत प्रत्येकी आठ, अशी ए१०० ची एकूण ३३६ कार्डे बसविण्यात आली. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत हे यंत्र त्रेसष्टावे होते. त्याची क्षमता दोन प्रकारे सांगितली गेली : ५·२७ पेटाफ्लॉप्स व २१० ‘एआय पेटाफ्लॉप्स’. यंत्र एकच असून दोन आकड्यांत चाळीस पटींचे अंतर आहे. पहिला आकडा दुहेरी अचूकतेचा आहे व लिनपॅकमध्ये त्यांपैकी सु. ४·६ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सु. ८८ टक्के प्रत्यक्षात उतरले. दुसरा आकडा अर्ध अचूकतेतील टेन्सर एककांचा आहे. एका कार्डाचे ३१२ टेराफ्लॉप्स. सारणीतील दर चार संख्यांपैकी दोन शून्य असतील, तर त्या वगळून वेग दुप्पट होतो, म्हणून ६२४. आणि त्यास ३३६ ने गुणून सु. २१० पेटाफ्लॉप्स, असा हा हिशेब आहे. यातील कोणताही आकडा खोटा नाही. परंतु त्यांची एकके वस्तुतः भिन्न आहेत. परम ८००० च्या एका गिगाफ्लॉप्सशी २१० पेटाफ्लॉप्सची तुलना केल्यास प्रगती २१ कोटी पट दिसते, तर ५·२७ पेटाफ्लॉप्सशी केल्यास ती ढोबळमानाने ५३ लाख पट ठरते. भाषांतर, उच्चारओळख यांसारख्या कामांसाठी यंत्र वापरणाऱ्याला दुसरा आकडा काही अंशी लागू पडतो. द्रायूंच्या प्रवाहाची समीकरणे सोडविणाऱ्याला तो लागू पडत नाही.

खोडद येथील रेडिओ दूरदर्शक : जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दूरदर्शकात ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना सु. २५ किमी. विस्तारात पसरल्या आहेत. आकाशाची प्रतिमा मिळविण्यासाठी प्रत्येक अँटेनाचा संदेश दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संदेशाशी गुणून बेरीज करावी लागते. हे काम करणाऱ्या यंत्रणेस सहसंबंधक म्हणतात. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात; प्रत्येक अँटेनाचा स्वतःशी गुणाकार धरल्यास एकूण ४६५ गुणाकार होतात.

आरंभी हे काम खास घडविलेल्या चिपांच्या यंत्रणेकडे होते व कंप्रता पट्टा ३२ मेगॅहर्ट्‌झचा होता. २०१० च्या सुमारास तेच काम सर्वसाधारण संगणकांच्या जाळ्यावर आज्ञावलीच्या साहाय्याने होऊ लागले. नंतरच्या सुधारणेत पट्टा ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत रुंद करण्यात आला. एका संमिश्र गुणाकार-बेरजेस आठ क्रिया लागतात. त्यानुसार दोन ध्रुवणांसाठी ३२ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्याला केवळ या गुणाकारांसाठी सु. ०·२४ टेराफ्लॉप्स पुरत. ४०० मेगॅहर्ट्‌झला सु. ३ टेराफ्लॉप्स लागतात आणि तेही अखंडपणे, कारण आकाशातून येणारी माहिती थांबवून ठेवता येत नाही. हा भार पेलण्यासाठी नव्या सहसंबंधकात ग्राफिक्स कार्डांचा वापर करण्यात आला. येथे कार्डांना अनुकूल अशा दोन गोष्टी होत्या. अँटेनाकडून येणारे नमुने मुळातच थोड्या बिटांचे असल्याने एकेरी अचूकता पुरते. आणि स्मृतीतून आणलेला प्रत्येक नमुना पुढे अनेक जोड्यांत वापरला जात असल्याने वहनवेगाची अडचण सौम्य होते. अर्थात माहिती कार्डापर्यंत पोहोचविणे हे स्वतंत्र काम राहतेच : प्रत्येक नमुना एका बाइटचा धरल्यास ३० अँटेनांच्या दोन ध्रुवणांतून सेकंदाला सु. ४८ गिगाबाइट माहिती येते. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतील एक यंत्रही या दूरदर्शकाच्या संशोधनासाठी राष्ट्रास अर्पण करण्यात आले.

मावळातील पाऊस व हवामानाची प्रतिमाने : पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची गरज याहून निराळी आहे. हवामानाच्या संगणकीय प्रतिमानात पृथ्वीवर जाळी टाकून प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, वारा व आर्द्रता यांचे मूल्य क्रमाक्रमाने पुढे नेतात. मावळ तालुका या पद्धतीची मर्यादा चांगली दाखवितो. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यास वर्षाला साधारणतः ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सु. २५ किमी.वर असलेल्या वडगाव मावळला येईपर्यंत तो झपाट्याने घटतो आणि पुण्यात सु. ७०० मिमी.च्या आसपास राहतो. जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या सु. ४ पेटाफ्लॉप्सच्या प्रत्यूष या महासंगणकावर जागतिक प्रतिमानाची जाळी सु. १२ किमी.ची होती. म्हणजे लोणावळ्याचा घाटमाथा व वडगावचे भातखाचर यांच्यामध्ये जेमतेम दोन चौकटी येत. अशा जाळीत घाटाचा उतार बोथट होतो व पावसाचा वाटा चुकीच्या चौकटीत जाण्याचा संभव राहतो. इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांतील धरणांतून पाणी सोडण्याचे निर्णय आणि भातलावणीचे दिवस ठरविणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

जाळीची चौकट निम्मी केल्यास चौकटींची संख्या चौपट होते व काळाचा टप्पाही निम्मा करावा लागत असल्याने गणन किमान आठपट वाढते. सप्टेंबर २०२४ मध्ये या संस्थेत ११·७७ पेटाफ्लॉप्सचा अर्क हा महासंगणक सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये ६ किमी. जाळीची भारत पूर्वानुमान प्रणाली कार्यान्वित झाली. कमाल क्षमता सु. तिप्पट झाली असताना आठपट गणनाची सोय करावी लागते, यावरून प्रतिमानाच्या जाळीची व समीकरणे सोडविण्याच्या रीतीची सुधारणा यंत्राइतकीच महत्त्वाची असल्याचे दिसते.

प्रत्यूष व अर्क यांची मुख्य भिस्त मध्यवर्ती प्रक्रियकांवर आहे. हवामानाच्या प्रतिमानात स्मृतीतून आणलेल्या प्रत्येक संख्येवर थोड्याच क्रिया होतात. त्यामुळे वेग टेराफ्लॉप्सवर नव्हे, तर वहनवेगावर ठरतो. याशिवाय अनेक दशकांत फोर्ट्रान भाषेत लिहिल्या गेलेल्या लक्षावधी ओळी जीपीयूसाठी पुन्हा लिहाव्या लागतात. हे अशक्य नाही. स्वित्झर्लंडच्या हवामान संस्थेने प्रतिमानाचा मुख्य भाग नव्याने लिहून २०१६ पासून आल्प्स पर्वतासाठी १·१ किमी. जाळीचे पूर्वानुमान ग्राफिक्स कार्डांवर चालविले. यूरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान पूर्वानुमान केंद्राने २०२१ मध्ये आपले दैनंदिन प्रतिमान दुहेरीऐवजी एकेरी अचूकतेत चालविण्यास सुरुवात केली. पूर्वानुमानाचा दर्जा न घटता वाचलेली शक्ती वातावरणाचे अधिक थर धरण्याकडे वळविता आली. आवश्यक अचूकता किती, हे कामाच्या अभ्यासावरून ठरते. यंत्राच्या जाहिरातीवरून नव्हे.

तुलनेची योग्य रीत : वरील विवेचनावरून दोन पिढ्यांच्या तुलनेसाठी काही किमान अटी निष्पन्न होतात. दोन्ही कार्डांवर तेच काम, त्याच आकारमानाचे व त्याच अचूकतेत चालवावे; प्रत्येक कार्डासाठी आज्ञावली सारख्याच काळजीने घडवावी; माहिती कार्डापर्यंत नेण्या-आणण्याचा वेळ हिशेबात घ्यावा; आणि वेगाबरोबरच खर्च झालेली विद्युत् ऊर्जा नमूद करावी. कमाल क्षमता सांगावयाची असल्यास तिच्यासोबत अचूकता, क्रिया मोजण्याची रीत व स्मृतीचा वहनवेग हे तिन्ही द्यावेत. लिनपॅकला पूरक म्हणून २०१४ पासून विरळ समीकरणसंचांवर आधारलेल्या दुसऱ्या एका चाचणीचे निकालही प्रसिद्ध होऊ लागले. तिच्यात बहुतेक महासंगणक आपल्या कमाल क्षमतेचे अवघे काही टक्केच गाठतात, कारण तेथे स्मृतीची कसोटी लागते. हवामानासारख्या कामांना हाच आकडा अधिक जवळचा आहे.

पुणे जिल्ह्यातील तीन संस्थांनी तीन वेगळ्या वाटा स्वीकारल्या. खोडदच्या दूरदर्शकाने सहसंबंधकासाठी ग्राफिक्स कार्डे निवडली, हवामान संस्थेने मध्यवर्ती प्रक्रियकांवर भर दिला आणि सी-डॅकने कामानुसार दोन्ही प्रकारची यंत्रे उभारली. प्रत्येकीची निवड तिच्या गणिताच्या स्वरूपाशी जुळणारी आहे. यंत्राच्या नव्या पिढीसाठी खर्च मंजूर करताना ते कोणत्या कामासाठी आहे, ते काम जुन्या यंत्रावर किती वेळात होत होते व नव्यावर प्रत्यक्षात किती वेळात होते, हे तीन प्रश्न विचारल्यास छापील आकड्यांतील बहुतेक गोंधळ दूर होतो.